दोन चौकटींतले नारायणराव

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात दोन तैलचित्रे आहेत. दोन्ही एकाच माणसाची. एकात तो पुरुषवेशात आहे, दुसऱ्यात स्त्रीवेशात. माणूस अर्थातच नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, आणि चित्रकार गोपाळ दामोदर देऊसकर. नाटक पाहायला आलेली मंडळी ही चित्रे ओझरती पाहतात आणि आपला खुर्ची क्रमांक शोधायला आत जातात. मी प्रशिक्षणासाठी पुण्याला आमच्या रेल्वेच्या संस्थेत काही आठवडे होतो, तेव्हा एका संध्याकाळी नाटकाच्या अर्धा तास आधी पोहोचलो आणि तो सबंध अर्धा तास या चित्रांपुढेच गेला. यंदा कार्यकारिणीने ‘काहीतरी इतिहासाचे लिहा’ असे सांगितले तेव्हा हाच विषय मनात आला.

शहपुऱ्यासारख्या गावात मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी. जबलपूर शहरात मोठी मंडळे आहेत, नाटके होतात, जुनी नाट्यवेडी मंडळी आहेत. आपल्याकडे मात्र ‘बालगंधर्व’ म्हटले की मुलांना फार तर 2011 सालचा सुबोध भावे यांचा चित्रपट आठवतो. त्यात त्यांचा दोष नाही. नट हा असा कलावंत की पडदा पडला की त्याची कला संपली. गायकाची निदान तबकडी उरते. नटाचे काय उरते? छायाचित्रे, पाहिलेल्यांच्या आठवणी, आणि नशीब असेल तर एखादे चांगले चित्र. अशा चित्रात नट खरोखर किती उरतो, हे मला पाहायचे आहे.

आधी थोडा इतिहास. नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘हा तर बालगंधर्व’ असे उद्गार काढले आणि तेच नाव कायमचे चिकटले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी 1893 साली गणपती घरातून चौकात आणला, त्याच लोकमान्यांनी हे नाव दिले, म्हणून आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पाने खर्ची घालायला हरकत नसावी. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शाकुंतलातली शकुंतला झाले. 12 मार्च 1911 ला खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असे इतरांना वाटत होते, पण लोक जमलेले आहेत म्हणून नारायणराव भामिनीच्या वेशात उभे राहिले. भामिनी ही श्रीमंत घरची, तोऱ्यातली, हसरी नायिका. त्या रात्री त्या रंगाखाली काय चेहरा असेल, हे कुठल्याही छायाचित्रात नाही.

1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. 1916 चे ‘स्वयंवर’, 1919 चे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’, 1920 चे ‘द्रौपदी’ ही त्या मंडळीची शिखरे. रुक्मिणीचा शालू, खरा जर, खरे अत्तर, खरे गालिचे, यांवर पैसा पाण्यासारखा गेला आणि मंडळी कर्जातही बुडाली. बायका त्यांच्यासारखी नऊवारी नेसू लागल्या, केसांत तसाच गजरा माळू लागल्या. पुरुषाने बाईची नक्कल करायची हा नाटकाचा नियम. इथे बायकाच त्या पुरुषाची नक्कल करू लागल्या! आणि याच माणसाने ‘एकच प्याला’मध्ये सिंधू करताना फाटके लुगडे नेसून जात्यावर बसून प्रेक्षकांना रडवले. भरजरी शालूवर जीव टाकणाऱ्या नटाचे ते खरे मोठेपण, असे मला वाटते.

8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले.

येथे एक आडवाट घेतो. त्या काळच्या नाटकाचा आणि चित्रकलेचा संबंध फार जवळचा होता. नाटकात मागे राजवाडा, अरण्य, रस्ता असे रंगवलेले पडदे सोडत आणि ते पाहायलाच म्हणून काही लोक येत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी असे पडदे रंगवून नाव मिळवले. सुतारकीचा वारसा असलेले हे घर. दोघांनी मिळून चलच्चित्राचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव गेले, तेव्हा बाबूरावांनी तो कॅमेरा स्वतः पुरा केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्या माणसाला या गोष्टीचा विशेष अभिमान वाटतो. लेथवर हात काळे करणारा माणूस आणि कुंचला धरणारा माणूस एकच असू शकतो.

नाटक मंडळ्यांचे मुक्काम हलत ते रेल्वेने. 1870 साली इटारसी-जबलपूर मार्ग पुरा होऊन मुंबई-कलकत्ता जोडली गेली, आणि किर्लोस्करांचे शाकुंतल पुण्यात आले 1880 साली. म्हणजे आपले संगीत नाटक जन्माला आले तेव्हा रूळ तयारच होते. पडद्यांच्या गुंडाळ्या, पेट्या, तबले, दागिने, आचारी, सगळा संसार डब्यांत भरून या गावाहून त्या गावी. माझ्या मते आगगाडी नसती तर गंधर्व मंडळीचा तो थाट बैलगाडीला झेपला नसता! असो.

त्याच काळात राजा रविवर्मा यांची छापील चित्रे घरोघरी पोहोचत होती. त्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मळवली आजही पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन आहे. रविवर्म्यांच्या दमयंती-शकुंतला पाहाव्यात आणि नंतर बालगंधर्वांची जुनी छायाचित्रे पाहावीत. मान किंचित कललेली, पदर खांद्यावरून घेतलेला, नजर थोडी बाजूला. चित्राने नाटकाला उभे राहायला शिकवले की नाटकाने चित्राला, हे सांगणे कठीण. विदर्भात आमच्या आजीच्या देवघराच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी होती आणि ओसरीवर बालगंधर्वांचे पिवळे पडलेले छायाचित्र होते. आजी दोन्हींना उदबत्ती ओवाळायची. नटाला कशाला, असे विचारले तर म्हणायची, ‘अरे, ती रुक्मिणी आहे.’

आता देऊसकर. त्यांचा जन्म 1911 चा, म्हणजे ‘मानापमान’ आणि ते एकाच वर्षीचे. त्यांचे काका रामकृष्ण देऊसकर हैदराबादचे नामवंत चित्रकार. गोपाळराव मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर युरोपात गेले, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्यांचे काम लागले. पुढे जे. जे.मध्येच ते उपसंचालक झाले. व्यक्तिचित्रणात त्यांचा हात असा की संस्थानिकांपासून पुढाऱ्यांपर्यंत अनेकांनी त्यांच्याकडून चित्रे करवून घेतली. पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरातले लोकमान्यांच्या जीवनावरचे मोठे चित्रही त्यांचेच. म्हणजे नाव देणारा आणि नाव मिळालेला, दोघेही एकाच कुंचल्याखालून गेले. 1994 साली देऊसकर वारले.

रंगमंदिराची हकीकत अशी. त्याचे भूमिपूजन 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. पु. ल. देशपांडे यांनी या कामात जातीने लक्ष घातले होते. पण वास्तू पुरी होण्याआधीच 15 जुलै 1967 ला बालगंधर्व गेले, आणि 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. आपल्याच नावाच्या थिएटराची कुदळ मारायची आणि उघडलेला पडदा पाहायचा नाही, असा हा योग.

चित्रकाराची अडचण लक्षात घ्या. देऊसकरांना जी रुक्मिणी, जी भामिनी हवी होती ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. साठीच्या दशकातले नारायणराव ऐंशीकडे झुकलेले, पायांनी साथ सोडलेली, भजने म्हणून दिवस काढलेले वृद्ध गृहस्थ. त्यांना शालू नेसवून समोर बसवणे शक्यच नव्हते. हाताशी होती ती जुनी कृष्णधवल छायाचित्रे. त्यांत रंग नाहीत. कातडीवर पडलेला दिव्यांचा प्रकाश नाही, कापडाचा खरा रंग नाही. आणि छायाचित्रासाठी नटाला स्थिर उभे राहावे लागे, त्यामुळे जो अभिनय त्याने हालचालीत केला तो गोठलेला. अशा कागदावरून जिवंत माणूस उभा करायचा म्हणजे चित्रकाराला अर्धे काम डोळ्यांनी आणि अर्धे आठवणीने करावे लागते.

यावर उपाय म्हणून एकच चित्र काढून मोकळे होता आले असते. लोकांना हवी होती ती नायिकाच. पण रंगमंदिरात दोन चित्रे आहेत आणि मला त्यातच या कामाचे मर्म दिसते. हे समजायला जगातली दोन-तीन उदाहरणे पाहू.

इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थने 1745 च्या सुमारास डेव्हिड गॅरिक या नटाचे तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतले चित्र काढले. राजा तंबूत दुःस्वप्नाने दचकून उठला आहे, हात पुढे पसरलेला, बोटे ताणलेली, डोळे विस्फारलेले. चित्र चांगले आठ फूट रुंद आहे आणि त्याचे होगार्थला 200 पौंड मिळाले. त्या काळी ही रक्कम लोकांच्या भुवया उंचावणारी होती. आज ते लिव्हरपूलला आहे. यात नट पूर्णपणे भूमिकेत आहे, तो क्षण नाटकातला आहे.

दुसरे, जॉन सिंगर सार्जंटने 1889 साली काढलेले एलन टेरीचे लेडी मॅकबेथच्या भूमिकेतले चित्र. हे लंडनच्या टेट संग्रहालयात असते. तिच्या हिरव्या पायघोळ झग्यावर खरोखरच्या भुंगेऱ्यांची चमकदार पंखकवचे शिवलेली होती. चित्रात ती दोन्ही हातांनी मुकुट स्वतःच्या डोक्यावर धरते आहे. गंमत अशी की नाटकात असा प्रसंगच नव्हता! चित्रकाराने तो कल्पिला. पण पाहणाऱ्याला वाटते की हीच ती बाई, हिला हेच हवे होते. म्हणजे नाटकात नसलेला क्षण काढूनही भूमिका खरी होऊ शकते.

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. जपानच्या काबुकी नाटकातही स्त्रीभूमिका पुरुषच करत आणि आजही करतात. अशा नटाला तिकडे ‘ओन्नागाता’ म्हणतात. 1794 साली शाराकू नावाच्या चित्रकाराने नटांच्या चेहऱ्यांचे लाकडी ठशांवरून छापलेले मोठे जाहिरातवजा संच काढले. जेमतेम दहा महिने त्याने काम केले, तेवढ्यात सुमारे दीडशेच्या आसपास चित्रे केली आणि तो दिसेनासा झाला. त्याने तिसरा सेगावा किकुनोजो हा नट ओशिझु या स्त्रीच्या भूमिकेत काढला आहे. केशरचना बाईची, वस्त्र बाईचे, पण जबडा, नाक, वय हे सगळे पुरुषाचे. शाराकूने रंगाखालचा माणूस झाकला नाही. लोकांना आपल्या लाडक्या नटाचे हे रूप फारसे रुचले नाही. त्याच काळातल्या एका लेखकाने नोंदवले आहे की तो फार खरे काढायला गेला, म्हणून फार टिकला नाही. आज मात्र तीच चित्रे जगभरच्या संग्रहालयांत मानाने आहेत.

आता पुन्हा पुण्याला येऊ. शाराकूने एका चौकटीत बाई आणि पुरुष दोघांना कोंबले. त्यामुळे ते चित्र पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते, आणि ती त्याची ताकद आहे. देऊसकरांच्या चित्रांत दोघांना वेगवेगळी चौकट आहे. स्त्रीवेशातल्या चित्रात रंगाखालचा पुरुष शोधायला जाऊ नये, तिथे नायिकाच आहे. आमच्या आजीच्या शब्दांत, ती रुक्मिणी आहे. आणि दुसऱ्या चौकटीत नारायणराव राजहंस आहेत. प्रेक्षकाला एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवावी लागते. ती मान वळवताना जे मनात होते ते शाराकूच्या एका चित्राइतकेच मोठे आहे, फक्त ते काम चित्रकाराने आपल्यावर सोपवले आहे.

काही जाणकार म्हणतील की हे सुरक्षित धोरण झाले, पुणेरी सभ्यता झाली. शाराकूचे धाडस यात नाही. मला ते पटत नाही. बालगंधर्वांची सगळी कला ‘पुरुष दिसू न देणे’ यावर उभी होती. ओन्नागाताच्या कलेत पुरुषाची जाणीव प्रेक्षकाला असतेच आणि त्यातच रस आहे. आपल्याकडे प्रेक्षक ती विसरायला येत. तेव्हा स्त्रीवेशातल्या चित्रात पुरुष दाखवणे हे नटाशी बेइमानी झाली असती. आणि फक्त नायिका लावून पुरुषाला गाळणे ही माणसाशी बेइमानी झाली असती. ज्याने आपल्या मुलीच्या मृत्यूच्या दिवशी भामिनी उभी केली, ज्याने कर्ज डोक्यावर घेतले, ज्याला लोक ‘देवा’ म्हणून हाक मारताना ऐकत, तो माणूस भिंतीवर कुठेतरी हवाच होता.

हा माणूस लोकांना नेहमी पचला असे नाही. 1 जुलै 1933 ला ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आले आणि त्यात स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या. ज्योत्स्ना भोळे यांचे नाव त्यातूनच गाजले. काळ बदलला होता. 1935 साली शांतारामबापूंनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांना संत एकनाथ केले. पुरुषवेशातले बालगंधर्व! लोकांना ते पाहवेना. तीस वर्षे ज्याला नायिका म्हणून पूजले त्याला मिशा-दाढीत स्वीकारायला मन तयार झाले नाही. पुढे सरकारने 1955 साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान दिला, 1964 साली पद्मभूषण दिले, पण दरम्यानची वर्षे फार खडतर गेली. 1935 साली ज्या पुरुषाला प्रेक्षकांनी नाकारले, त्यालाच 1968 सालच्या रंगमंदिरात नायिकेच्या बरोबरीची जागा मिळाली. मला हा त्या नटाला दिलेला उशिराचा न्याय वाटतो.

त्या संध्याकाळी मी पाहिले, बहुतेक लोक स्त्रीवेशातल्या चित्रापुढे थांबत होते. एक आजोबा मात्र नातवाला घेऊन आधी पुरुषवेशातल्या चित्रापाशी गेले आणि म्हणाले, ‘हे बघ, हे आधी बघ, मग ते.’ नातू हसला, त्याला खरे वाटेना. क्रम बरोबर होता.

थोडे तैलरंगाविषयी, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. नर्मदेवरच्या पुलाच्या गर्डरला आम्ही जो रंग देत आलो तो आणि चित्रकाराचा तैलरंग हे सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत मूळ अळशीचे तेल, म्हणजे जवसाचे. हे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, त्याची कातडी बनते. गर्डरला एक हात सुकल्याशिवाय दुसरा हात मारला तर रंगाला सुरकुत्या पडतात, हे आमच्या गँगमधल्या नव्या पोरालाही माहीत असते. चित्रकारालाही हाच नियम. खालचा थर पातळ आणि लवकर सुकणारा, वरचा थर तेलकट. नियम मोडला की काही वर्षांनी भेगा. शिवाय अळशीचे तेल अंधारात ठेवले तर पिवळे पडते, वरच्या वॉर्निशवर धूळ बसते, कॅनव्हास दमट हवेत सैल आणि कोरड्या हवेत ताठ होतो. आमच्या पुलाचे आम्ही ठराविक मुदतीने निरीक्षण करतो, वहीत नोंद होते, कोणत्या सांध्यावर गंज दिसला ते लिहिले जाते. हजारो लोकांची ये-जा, धूळ, पावसाळ्यातली ओल अशा जागी लावलेल्या चित्रांचीही अशीच वही असली पाहिजे.

ही काळजी नुसती माझ्या पेशामुळे नाही. 2018 साली पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नव्याने बांधण्याची कल्पना मांडली गेली आणि रंगकर्मींत दोन तट पडले. कोणी म्हणाले सोयी जुन्या झाल्या, कोणी म्हणाले या वास्तूला हात लावू नका. वास्तूचे काय व्हायचे ते पुणेकर ठरवतील. मोठी तैलचित्रे मात्र भिंतीवरून उतरवताना, गुंडाळताना, गोदामात ठेवताना सर्वांत जास्त खराब होतात. आणि नवीन जागी लावताना कोणीतरी सोयीसाठी एक चित्र पहिल्या मजल्यावर आणि एक तळमजल्यावर लावून मोकळा होईल, अशी मला भीती वाटते. ती दोन चित्रे जवळजवळच हवीत, मान वळवली की दुसरे दिसावे इतकी.

जबलपूरकरांना चित्रांचे कौतुक नवे नाही. शहीद स्मारकातली ब्योहार राममनोहर सिंहा यांची भित्तिचित्रे आपण मुलांना दाखवतोच, आणि संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजवणारे तेच हे चित्रकार हेही सांगतो. पुण्याला लग्नकार्याला, मुलाच्या प्रवेशाला, दवाखान्याच्या कामाला आपल्यापैकी कोणी ना कोणी जातच असते. जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी बागेच्या शेजारीच हे रंगमंदिर आहे. नाटकाचे तिकीट काढून वेळेच्या अर्धा तास आधी जावे. चित्रांना पाठ करून फोटो काढणाऱ्यांची गर्दी ओसरू द्यावी. आधी पुरुषवेशातले चित्र पाहावे, मग दुसरे.